पोर्टलवर न दिसणारी घरं कुठे मिळतात आणि ती घेताना काय तपासायचं?

घर घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी मोबाईलवर मॅजिकब्रिक्स, ९९एकर्स, हाउसिंग किंवा नोब्रोकर उघडतात. दोन-तीन आठवडे स्क्रोल केलं की लक्षात येतं, तोच फ्लॅट, तेच फोटो, पण पाच एजंटांनी पाच वेगळ्या किमतींना टाकलेत. फोन केला की उत्तर ठरलेलं असतं, 'तो गेला, पण तसाच दुसरा आहे.' शिवाय एकदा नंबर दिला की पुढचे कित्येक दिवस कर्जवाल्यांचे आणि इंटिरिअरवाल्यांचे फोन सुरू.

आणि मग एक दिवस कळतं की ऑफिसमधल्या कुणीतरी आपल्याला हव्या त्याच भागात, आपल्याच बजेटमध्ये घर घेतलंय. ते घर यातल्या एकाही साइटवर आलेलं नव्हतं.

महाराष्ट्रात अशी बरीच घरं विकली जातात. काही सोसायटीच्या आतल्या आत जातात, काही म्हाडा-सिडकोच्या सोडतीतून मिळतात, काही बँका लिलावात काढतात, तर काही बिल्डरकडे शिल्लक पडून असतात. प्रत्येक घर पोर्टलवर न येण्यामागे काहीतरी कारण असतं. ते कारण समजलं की त्या घरात काय तपासायचं, हेही बऱ्यापैकी समजतं. म्हणून या लेखात दोन्ही गोष्टी सोबतच पाहू.

सोसायटीतलं घर बाहेर का येत नाही?

जुन्या, वस्ती पक्की झालेल्या भागांत, म्हणजे पुण्यातलं कोथरूड-सहकारनगर असो, विलेपार्ले असो किंवा डोंबिवली, घर विकायचं ठरलं की त्याची बातमी आधी जिन्यात पसरते. शेजाऱ्याला मुलासाठी दुसरा फ्लॅट हवा असतो. कुणाची बहीण त्याच बिल्डिंगमध्ये घर शोधत असते. विकणारे बरेचदा ज्येष्ठ नागरिक असतात. अनोळखी लोकांनी रोज येऊन बेडरूम बघून जावं, हे त्यांना नको असतं. त्यामुळे जाहिरात करायची वेळच येत नाही.

इथे पोहोचायचं तर पाय वापरावे लागतात. शहरभर शोधण्यापेक्षा आपल्याला परवडतील अशा पाच-सहा सोसायट्या नक्की करा. रविवारी सकाळी सोसायटीचं ऑफिस उघडं असतं, तेव्हा सेक्रेटरींना भेटा. आपण कोण, काय करतो, बजेट किती, कर्ज मंजूर आहे का, हे सरळ सांगा. 'चौकशी करतोय' म्हणणाऱ्याकडे कुणी फार लक्ष देत नाही. वॉचमनला कोणता फ्लॅट रिकामा आहे हे सेक्रेटरींच्याही आधी माहीत असतं. त्याने नंबर मिळवून दिला तर त्याला काहीतरी अपेक्षा असते. ती रक्कम आधीच बोलून घेतलेली बरी, नाहीतर नंतर तो स्वतःला एजंट समजू लागतो. त्या भागात राहणारं ओळखीचं कुणी असेल, तर सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुमच्यासाठी एक मेसेज टाकायला सांगा.

कोपऱ्यावरचा, 'जागा खरेदी-विक्री' असा बोर्ड लावलेला एजंटही इथे उपयोगाचा ठरतो. त्याच्या वहीत किंवा एजंटांच्या ग्रुपमध्ये फिरणारी कित्येक घरं इंटरनेटवर येत नाहीत. दलाली साधारण एक ते दोन टक्के असते आणि ती दोन्ही बाजूंकडून घेतली जाते. पहिल्या भेटीतच आकडा ठरवून घ्या.

या 'ओळखीत विकायचं' पद्धतीला एक वाईट बाजूही आहे. ओळखीतला याचा अर्थ बऱ्याच ठिकाणी 'आपल्या जातीचा', 'आपल्या धर्माचा' किंवा 'मांसाहार न करणारा' असा होतो. २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला ऑफिससाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ राज्यभर गाजला होता. मुस्लीम आणि दलित कुटुंबांना हा अनुभव कितीतरी आधीपासून येतोय. पोर्टलवर निदान घर आहे हे सगळ्यांना दिसतं. ते जिन्यातच विकलं गेलं तर नकार द्यायचीही गरज पडत नाही.

'नॉमिनी मी आहे' एवढं पुरत नाही

सोसायटीतल्या घरांत सगळ्यात जास्त अडचण वारसांची येते. आई-वडील गेले, एक भाऊ इथे, दुसरा अमेरिकेत, बहीण नाशिकला. जो इथे आहे तो नॉमिनी असतो आणि घर विकायला निघतो. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी कायद्यातही नॉमिनीला वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सदस्यच मानलंय. त्यामुळे सगळ्या वारसांची नोंदणीकृत हक्कसोड, किंवा विक्री करारावर सगळ्यांच्या सह्या, यापैकी एक गोष्ट हवीच. परदेशातला वारस मुखत्यारपत्र देऊन इथल्या माणसाला सही करायला सांगू शकतो. पण नुसत्या मुखत्यारपत्रावर घर 'विकत घेणं' ही वेगळी गोष्ट. अशा व्यवहाराने मालकी मिळत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०११ च्या सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलंय. विकणारा परदेशात राहणारा असेल, तर टीडीएसचं गणितही बदलतं. भारतातल्या विक्रेत्याकडून ५० लाख किंवा त्यावरचं घर घेताना १ टक्का टीडीएस कापावा लागतो. अनिवासी विक्रेत्यासाठी तो बराच जास्त असतो आणि कापला नाही तर वसुली खरेदीदाराकडून होते. इथे सीएला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बाकी कागदांत बिल्डरने पहिल्या मालकाशी केलेल्या करारापासून आजपर्यंतची सगळी साखळी बघा. मधला एखादा करार हरवला असेल, तर कर्ज देणारी बँक तिथेच अडते. शेअर सर्टिफिकेटवर विकणाऱ्याचंच नाव आहे का, देखभाल खर्चाची थकबाकी आहे का, हेही विचारा. सोसायटीने ट्रान्सफरसाठी लाखभर रुपये मागितले तर लक्षात ठेवा, ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार रुपये घेता येतो. तसं सरकारचं २००१ चं परिपत्रक आहे. 'बिल्डिंग फंडाला देणगी' हे त्याच मागणीचं दुसरं नाव.

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर

छोट्या जाहिरातींचं पान आता बरंच आटलंय, पण 'जाहीर नोटीस' अजून रोज येतात. 'आमचे अशील खालील सदनिका खरेदी करीत असून कोणाचा हक्क, हितसंबंध असल्यास १४ दिवसांत कळवावे', अशी वकिलाची नोटीस म्हणजे ते घर जवळपास विकलं गेलंय. मात्र कोणत्या बिल्डिंगमध्ये व्यवहार होतायत, हे त्यावरून कळतं. दुसरा प्रकार असतो सोसायटीच्या नोटिशीचा. सदस्याचं निधन झालं, वारसांनी हस्तांतरणासाठी अर्ज केलाय, हरकती मागवल्या आहेत. यातली काही घरं पुढे विक्रीला येतात. काही एजंट अशा नोटिशी वाचून लगेच घरी फोन करतात. नुकतं माणूस गेलेल्या घरात असा फोन जाणं कसं वाटत असेल, याचा विचार करा. सोसायटीच्या ऑफिसात आपला नंबर ठेवून येणं पुरेसं आहे.

म्हाडा आणि सिडको: सोडत संपल्यावरही घरं उरतात

म्हाडाची घरं पोर्टलवर नसतात, कारण ती बाजारात विकली जात नाहीत. मुंबई, कोकण, पुणे, नाशिक अशा मंडळांच्या सोडतीतून ती मिळतात. अर्ज ऑनलाइन असतो आणि घर लागलं नाही तर अनामत रक्कम परत मिळते. मुंबईत अत्यल्प उत्पन्न गटासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ६ लाख आहे, अल्प गटासाठी ९ लाख आणि मध्यम गटासाठी १२ लाख. स्पर्धा किती? २०२४ मध्ये मुंबई मंडळाच्या २,०३० घरांसाठी एक लाखाहून जास्त अर्ज आले होते.

पण म्हाडा म्हणजे फक्त मुंबईची सोडत नव्हे. बहुतेकांना माहीत नसलेले दोन रस्ते आहेत.

पहिला, २० टक्के योजना. दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर खासगी बिल्डरने प्रकल्प केला, तर त्यातली २० टक्के घरं अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवावी लागतात. २०१३ पासून हा नियम आहे. ही घरं खासगी प्रकल्पातली असली तरी सोडत म्हाडा काढते. त्यामुळे पुणे किंवा ठाण्याच्या चांगल्या भागात, बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी किमतीत घर मिळू शकतं. बिल्डर ही घरं म्हाडाला खरंच देतात का, हा वादाचा विषय आहे. २०२२ मध्ये नाशिकमध्ये यावरून मोठा गदारोळ झाला होता आणि तेव्हाचे गृहनिर्माणमंत्री जितेंद्र आव्हाड यांनी गैरव्यवहाराचा आरोप केला होता.

दुसरा, 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य'. सोडतीत न गेलेली घरं या तत्त्वावर विकली जातात आणि अटीही थोड्या सैल असतात. विरार-बोळींजमध्ये कोकण मंडळाची हजारो घरं अशी पडून होती. पाण्याची अडचण हे त्याचं एक मोठं कारण होतं. म्हणून इथे विचारायचा प्रश्न एकच: हे घर कुणीच का घेतलं नाही? एखाद्या कामाच्या दिवशी स्वतः जाऊन बघा, राहणाऱ्यांशी बोला, स्टेशनपर्यंत किती वेळ लागतो तो मोजा.

सिडकोने ऑक्टोबर २०२४ मध्ये नवी मुंबईत २६ हजार घरांची योजना आणली. त्यात अर्जदाराला पसंतीचं घर निवडायची सोय होती. पण किमती जाहीर झाल्यावर त्या फार असल्याची ओरड झाली. सरकारी घर म्हणजे स्वस्तच, असं आता गृहीत धरता येत नाही.

अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला किंवा आयकर विवरणपत्र, आधार आणि पॅन आधीच तयार ठेवा. जाहिरात निघाल्यावर तहसील कार्यालयात रांग लावणाऱ्यांची मुदत हमखास हुकते. म्हाडाचं घर मिळाल्यावर ते पाच वर्षं विकता येत नाही, हेही माहीत असू द्या. आणि म्हाडाने कोणताही एजंट नेमलेला नाही. 'आतून सेटिंग' करून देणारा प्रत्येक जण फसवतोय, असंच समजा.

बिल्डरकडे उरलेली घरं

प्रकल्प पूर्ण झाल्यावरही बिल्डरकडे काही फ्लॅट राहतात. ते जाहिरातीत दिसत नाहीत, कारण जाहिरातीचा पैसा नव्या टॉवरवर खर्च होत असतो. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं नाव किंवा क्रमांक टाकला की किती घरं विकली गेली आणि किती उरली, हे दिसतं. बिल्डरला दर तीन महिन्यांनी ही माहिती द्यावी लागते. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे, तो स्कॅन केला की थेट त्या पानावर जाता येतं.

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळालेल्या घरावर जीएसटी लागत नाही. बांधकाम सुरू असलेल्या घरावर साधारण ५ टक्के लागतो. ८० लाखांच्या घरात हा फरक ४ लाखांचा आहे. शेवटचे चार-पाच फ्लॅट राहिलेत हे तुम्हाला माहीत असेल तर भाव करताना तुमची बाजू भक्कम असते. मात्र ते का उरले हेही बघा. तळमजला, कचराकुंडीसमोरची खिडकी किंवा पार्किंग नसणं, यातलं काहीतरी बहुधा असतंच. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

बँकेचा लिलाव: स्वस्त, पण कोणासाठी?

कर्ज थकलं की बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली घर ताब्यात घेऊन विकू शकते. आधी कर्जदाराला ६० दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव. लिलावाची जाहीर नोटीस दोन वर्तमानपत्रांत येते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. म्हणूनच मराठी दैनिकांत बारीक अक्षरांचे ते मोठे तक्ते दिसतात. सरकारी बँकांची अशी घरं एकत्र बघायची तर जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेलं 'बँकनेट' हे पोर्टल आहे.

तक्त्यात सगळ्यात आधी कब्जाचा रकाना वाचा. तिथे 'सांकेतिक कब्जा' लिहिलं असेल, तर बँकेने दारावर नोटीस चिकटवली आहे, पण आत अजून कुटुंब राहतंय. प्रत्यक्ष ताबा मिळवायला बँकेला जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे किंवा न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. यात महिने जातात, कधी वर्षंही. तोवर तुमचा हप्ता सुरू आणि भाडंही सुरू. पहिल्यांदा घर घेणाऱ्याने सांकेतिक कब्जातलं घर घेऊच नये, असं माझं मत आहे. 'प्रत्यक्ष कब्जा' असेल तरच पुढचा विचार करावा.

पैशांचं वेळापत्रकही वेगळं असतं. बोली लावण्याआधी अनामत भरावी लागते, ती बहुतेक वेळा राखीव किमतीच्या १० टक्के असते. बोली जिंकलात तर अनामत धरून २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी भरायची. उरलेली ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मान्य केलं तर जास्तीत जास्त तीन महिन्यांत. ती भरली नाही, तर आधीची रक्कम जप्त होते. अशी २५ टक्के रक्कम जप्त करणं कायद्याला धरून आहे, असं सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२४ मध्ये म्हटलंय. ६० लाखांच्या घरात ती रक्कम १५ लाख होते. त्यामुळे गृहकर्ज मंजूर करून घेऊन मगच बोली लावा. 'नंतर बघू' इथे चालत नाही.

नोटिशीत 'जसे आहे, जिथे आहे' असे शब्द असतात. सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, वीजबिल यांचा भार बहुधा खरेदीदारावर येतो, असा त्याचा अर्थ. जुन्या मालकाची वीज थकबाकी नव्या मालकाकडून मागण्याची तरतूद नियमांत असेल तर ती वैध आहे, असं सुप्रीम कोर्टाने मे २०२३ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सांगितलं. म्हणून बोलीआधी सोसायटीत, महापालिकेच्या कर विभागात आणि वीज कंपनीत जाऊन आकडे लिहून आणा. कधीकधी सोसायटीची थकबाकीच काही लाखांत असते आणि 'स्वस्त' घर बाजारभावाला जाऊन टेकतं. घर बघायचा दिवसही नोटिशीत दिलेला असतो. तो चुकवू नका.

जुना मालक पैसे भरून घर परत घेऊ शकतो का? लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की त्याचा तो हक्क संपतो, असं सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये बाफना मोटर्स प्रकरणात म्हटलं. तरीही बँकेने कार्यपद्धती पाळली नाही म्हणून तो कर्ज वसुली न्यायाधिकरणात दाद मागू शकतो. बोलीआधी बँकेच्या अधिकाऱ्याला विचारा, 'या मालमत्तेवर कुठे दावा सुरू आहे का?' आणि उत्तर ईमेलवर मागा.

ज्याच्याकडे राहायला दुसरं घर आहे, रोख हाताशी आहे आणि वकील ओळखीचा आहे, त्याला लिलाव परवडतो. सध्याच्या भाड्याच्या घराचा करार दोन महिन्यांत संपणार असेल, तर तो तुमच्यासाठी नाही.

मुंबईत यात एका प्रकाराची भर पडते, ती पागडीच्या घरांची. गिरगाव, दादर, लालबागमध्ये ती तोंडोतोंडीच विकली जातात आणि स्वस्त वाटतात. पण पागडीत तुम्ही मालक होत नाही, भाडेकरूचा हक्क विकत घेता. त्यासाठी घरमालकाची संमती लागते, तो आपला हिस्सा घेतो आणि गृहकर्ज मिळणं अवघड असतं.

मग भाव बरोबर आहे हे कसं कळणार?

पोर्टलवर नसलेल्या घराची तुलना कशाशी करायची, हा खरा प्रश्न. पोर्टलवरचे आकडे तसेही मागितलेले असतात, मिळालेले नाहीत. प्रत्यक्षात कितीला घर गेलं हे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चमध्ये दिसतं. तिथे जिल्हा, गाव आणि मिळकत क्रमांक टाकून त्या बिल्डिंगमधले नोंदलेले व्यवहार शोधता येतात. साइट बरेचदा अडकते, रात्री उशिरा किंवा पहाटे बरी चालते. हाती येतो त्या कागदाला सूची क्रमांक दोन किंवा सगळे म्हणतात तसं 'इंडेक्स टू' म्हणतात. त्यात क्षेत्रफळ, तारीख, मोबदला आणि सरकारी बाजारभाव असतो. मोबदला आणि बाजारभाव यात फार तफावत असेल, तर तो व्यवहार तुलनेला घेऊ नका. मुद्रांक शुल्क या दोन्हींपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावर लागतं. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही.

याच शोधात, विकणाऱ्याने स्वतः ते घर कोणत्या वर्षी आणि कितीला घेतलं, हेही बहुधा सापडतं. भाव करायला जाण्याआधी तो कागद काढून वाचा.